साडूंच्या शर्टाची बटणं

आमच्या थोरल्या साडूंच्या तोंडून 'मला हे जमत नाही' असं ऐकलेला माणूस अख्ख्या पुणतांब्यात सापडायचा नाही. साखर कारखान्यात त्यांनी उभा जन्म फिटरकी केली, आणि जगात जे काही बिघडतं ते पाना फिरवला की सुरू होतं, या श्रद्धेवर ते निवृत्त झाले. शेजाऱ्याची मोटर असो, देवळाचा भोंगा असो नाहीतर माझ्या बायकोचा मिक्सर, साडूंना बोलवावं लागत नाही. दुरुस्तीनंतर स्क्रू उरले, तर ते कंपनीनेच जास्तीचे दिले होते असं बेधडक सांगतात. आणि हे सगळं कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, गळ्यापर्यंत बटणं लावून. ऐन मे महिन्यातसुद्धा त्यांचं वरचं बटण मी कधी उघडं पाहिलेलं नाही.

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का, लकव्याने डाव्या अंगाने लुळ्या पडल्या, तेव्हाही त्यांनी हाच खाक्या चालवला. पलंगावरच्या कडीला कारखान्यात असते तशी चेनपुली टांगली, आणि अक्कांना झोळीत घालून "आस्ते, आस्ते, जरा डावीकडं" करत खुर्चीत उतरवू लागले. "मी काय उसाची मोळी हाय का?" अक्का वरून विचारायच्या. "मोळी एवढं बोलत न्हाई," साडू खालून म्हणायचे.

आता गंमत अशी की साडू स्वतःच धड नव्हते. मानेची नस दबून उजवा हात कामातून गेलेला, तो कायम खिशात. त्यात दमा. रस्त्यात धाप लागली की थांबून कुणाच्याही घराचं बांधकाम असं न्याहाळत उभे राहायचे, की घरमालकाला वाटावं गिऱ्हाईक आलं. उद्या हेच आडवे झाले तर अक्कांना पाणी कोण देणार, याचा आम्हाला घोर. मूलबाळ नाही. हाताखाली बाई ठेवा म्हटलं, तर फंडाच्या ठेवीला हात लावू देत नव्हते. "ते हिचं हाय. माझ्यामागं हिला कोण बघंल?" म्हणून मीच तोड काढली. साडूंनी अपंगत्वाचा दाखला काढायचा, त्यावर महिन्याची सरकारी मदत मिळवायची आणि त्यातून बाई ठेवायची. "मला काय धाड भरलीय, पाव्हणं?" म्हणत त्यांनी वर्ष घालवलं. शेवटी अक्कांनी जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा कुठे कबूल झाले.

तपासणीला नगरला निघाले ते मिश्यांना कलप, शर्टाला कांजी आणि कानात अत्तराचा फाया घालून. "सरकारी कामाला गबाळं जाऊ न्हाई." अक्कांना घरी ठेवणार कुणापाशी, म्हणून त्याही चाकाच्या खुर्चीत बरोबर. डॉक्टरीणबाईंनी साहजिकच अक्कांना तपासायला घेतलं. पेशंट हे आहेत, असं मला सांगावं लागलं.

"काय त्रास होतो, काका?"

"काई न्हाई."

"उजव्या हाताने काय जमत नाही?"

"सगळं जमतं. तुमचा ह्यो पंखा वाजतोय, बघू का जरा?"

मी कपाळाला हात लावला. एवढ्यात अक्का बोलल्या, "खोटं सांगत्यात, बाई. फडकं पिळताना एक टोक दातात धरत्यात. आन् ही बटनं बघा, पार गळ्यापतुर. ती रोज मी लावते. माझा उजवा चालतो, ह्यांचा डावा. दोघांचे मिळून दोन हात हायेत आमचे."

साडूंची पंख्यावरची नजर खाली आली. ते चपलांकडे बघत राहिले.

दाखला मिळाला, मदत नाही. तहसिलीत उत्पन्न विचारलं, तर साडूंनी ठेवीचं व्याज पैशासकट सांगितलं. "काका, एवढं कुणी सांगत नाही," कारकून हळूच म्हणाला. "का? चोरीचं हाय का?" साडू मोठ्याने म्हणाले. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं आणि अर्ज नामंजूर झाला. मी घरी येऊन चडफडत बसलो, पण अक्का मात्र खुशीत. "सरकारच म्हणतंय तुमच्याकडं पैसे हायेत. मग आता पैसेवाल्यावानी वागा. तुमी गेल्यावर त्या पैशाला घेऊन मी काय करू?" साडू तोंड उघडायच्या आत मी बाई ठरवून टाकली.

आता बाई सकाळीच येते. अक्कांना ती हातांनीच अलगद उठवते. चेनपुली नुसती लोंबत असते, तरी साडू तिला अधूनमधून तेल देतात. बाकी ओट्यावर बसून असतात. दुपार होईस्तोवर करायचं काय, ते त्यांना अजून उमगलेलं नाही.

परवा गेलो, तर ते शर्ट अंगात घालून उभे होते. "द्या दादा, मी लावते बटनं," बाई भाबडेपणाने पुढे झाली.

"राहू दे," अक्का पलंगावरून म्हणाल्या. "त्ये काम माझं हाय."

साडू पलंगाशी वाकले. अक्कांचा चालता हातही आता थरथरतो. गळ्याचं बटण काजात जाता जाईना. वाकून वाकून साडूंना धाप लागली होती, पण ते बटण लागेपर्यंत तसूभर हलले नाहीत.