भाटकर सरांच्या दाराची फळी

भाटकर सर गेल्याचं मला रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कळलं. गुहागरच्या गाडीचा कंडक्टर, आमच्याच शाळेचा, दारातून ओरडला, "अरे, सर गेले रे सकाळी!" आणि गाडी सुटली. हातातला पत्रकांचा गठ्ठा बाकावर तसाच टाकून मी त्यांच्या घरी गेलो. दाराची मधली फळी अजून फुटलेलीच होती...

सर आम्हाला गणित शिकवायचे. नववीत व्याजाचा धडा आला तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना सारखे चिंचोके वाटले. बाजारपेठेत एका माडीवर तेव्हा नुकतीच पैसे दुप्पट करून देणारी कचेरी उघडली होती. "आज मी ती कचेरी," सर म्हणाले आणि सगळ्यांचे चिंचोके ठेव म्हणून परत घेतले. पहिल्या बाकाला दुप्पट देण्यासाठी दुसऱ्याचे चिंचोके गेले, दुसऱ्यासाठी तिसऱ्या-चौथ्याचे. मागच्यांना द्यायला सरांकडे काहीच उरलं नाही. पहिल्या बाकावरचा दिलीप खिसे वाजवत हसला, तशी मागून कंपासपेटी आली ती थेट त्याच्या ओठावर. शर्ट फाटले, बाक उलटले, एकाच्या नाकातून रक्त आलं. "आणि हे नुसते चिंचोके होते," सर म्हणाले. दिलीप ओठ पुसत म्हणाला, "पण सर, मला मिळाले ना!"

दहावी होताच तो त्याच कचेरीचा एजंट झाला. नवी सायकल, डोळ्यांवर गॉगल. जेटीवर मासळी विकणाऱ्या मुमताजआपांनी साठवलेलं सगळं त्याच्या हातात ठेवलं, कारण तो त्यांच्या डोळ्यांसमोर वाढला होता. अशा कचेऱ्या पोरांनाच धरतात, ते याचसाठी! गावातली शिकलेली माणसं उद्घाटनाचे पेढे खाऊन आली. पैसा येतो कुठून, हे एकानेही विचारलं नाही. सरांनी भर बाजारात विचारलं. कचेरीच्या दोघांनी कॉलर धरून त्यांना गटारात लोटलं. पेढे खाणारे बघत उभे राहिले.

मग एका सकाळी माडीला कुलूप दिसलं. मालक पळाला होता. हाताला लागण्यासारखा उरला दिलीप. लोकांनी त्याची सायकल ठेचली, त्याला काठ्यांनी फोडलं. रक्ताळलेला तो सरांच्या घरात शिरला, मागोमाग जमाव. मी आतच होतो. कोयता दारात बसला आणि फळी फुटली. अडसर काढून सर उंबऱ्यावर उभे राहिले. पहिलाच दगड त्यांच्या डोळ्यावर लागला.

"बाजूला व्हा मास्तर! चोराला घरात घेता?"

"याला मारलंत तर पैसे कोण देणार? याचं मढं?"

गर्दीतून आपा किंचाळल्या, "थांबा रे मेल्यांनो! हा मेला तर माझे बुडाले!" कुणीतरी हसलं, आणि कोयतेवाल्याने हात खाली घेतला.

सर वळले. गालावरून रक्त ओघळत होतं. "दिलीप, बाहेर ये. कुणाकुणाकडून घेतलेस, ते त्यांच्यासमोर सांग."

"मी कुठे खाल्ले, सर? मालकाने नेले."

"आणि तुझं कमिशन? पहिल्या बाकावर बसलास ना?"

तो बाहेर आला. एकेक नाव घेत गेला...

सरांचा तो डोळा गेला. मी संतापलो होतो. मालक मोकळा आणि वसुली पोराकडून, हा कुठला न्याय? सर म्हणाले, "मालकाविरुद्ध पत्रक काढ, पहिली सही माझी. पण मालकाच्या पापात याचं पाप बुडवू नकोस." त्यांनी सही केली, पोलिसांकडेही खेपा घातल्या. तिथे त्यांना बसायला खुर्चीसुद्धा कुणी दिली नाही. दिलीप ट्रॉलरवर खलाशी झाला आणि खाल्लेलं कमिशन घरोघर परत करू लागला. पहिल्याच कमाईतून तो फळी बदलायला निघाला, तेव्हा सरांनी त्याला परतवलं. "दार शेवटी. आधी आपा."

तेराव्याला तो आला. सरांच्या बायकोपुढे, आमच्या काकूंपुढे, नोटा धरून म्हणाला, "काकू, फळीचे."

काकूंनी हात मागे घेतला. "सगळ्यांचे फिटले?"

तो दाराकडे बघत राहिला. "दोन घरं राहिलीत."

"मग आधी तिकडे जा."

त्याने नोटा खिशात घातल्या आणि बाहेर पडून दार हळूच ओढून घेतलं. फुटलेल्या फळीतून मला त्याची पाठ दिसत होती, जेटीकडे उतरत जाणारी...