आवळलेल्या दोऱ्या

सावधान! एक अत्यंत गंभीर घोषणा. अंतराळात माणसं नेणाऱ्या यानाला गोधडी लागते, आणि गोंदिया वेगळं झाल्यावर उरलेल्या आमच्या भंडारा जिल्ह्यातली एक पोरगी ती शिवत होती! हसा. हे मी सगळीकडे हसतच सांगतो. पुढचं मात्र — कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

चकचकीत पापुद्र्यांचे थर, मधे बारीक जाळी — ही ती गोधडी. थर सैल हवेत. आवळले की एकमेकांना चिकटतात आणि केबिनमधली ऊब बाहेर निसटते. मला ठाऊक नव्हतं? अहो, आराखडाच माझा होता!

वनिता माझ्या गावची, अड्याळची. शिवणाचा हात छान, म्हणून मीच तिला दक्षिणेत आमच्या कारखान्यात लावून दिलं. एकदा पाहुणे येणार होते. केबिनच्या नमुन्यावर तिची गोधडी ढगळ दिसत होती — आणि मला नाटकाची हौस! ती चहाला गेली तेव्हा मी दोऱ्या आवळल्या. एक सुरकुती ठेवली नाही. पाहुणे खूश, फोटो झकास. दोऱ्या परत सैल करायला मात्र विसरलो.

विसरणं हा गुन्हा का? थांबा. गुन्हा पुढेच आहे.

हवा काढलेल्या टाकीत चाचणी झाली. केबिनची भिंत गारठली, आत दव धरलं, तारांवर पाणी. उद्या तिथं माणसं बसायची होती! चौकशीत वनिता म्हणाली, "बांधल्या मीच. पण ढिल्या बांधल्या होत्या जी." सगळे माझ्याकडे वळले. आणि मी — काय म्हणालो असेन?

"गावाकडचा हात, साहेब. गोधडी नाही, भाऱ्याची दोरी आवळली तिनं."

सगळे हसले. माझ्या विनोदांना हसतातच. ती तेवढी हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली — तिला कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही. तिला काढून टाकलं. आता ती गावात ब्लाउज शिवते.

परवा अड्याळच्या बाजारात मी यानाचे किस्से रंगवत होतो. भाजीच्या ढिगामागून वनिताची आई उठली, गर्दी सारत समोर आली. वाटलं, आता ही सगळ्यांदेखत बोलणार. बोलू दे. तिनं तर — हात जोडले.

"भाऊ, तुमी एवढ्या भरवशानं नेलं तिले, अन् माह्या पोरीनं तुमचं नाक कापलं जी!"