हाव म्हणजे हो

मोताळ्याच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. पुष्पांजलीला मी तिथंच तीन वर्षं पाहते आहे. ती शालिग्राम वकिलांची ज्युनियर. वकील भला माणूस, पण तारीख मागण्यापुरतंच तिला उभं करतात. पोरगी हुशार. शपथपत्रातली माझी चूक उभ्याउभ्या काढते आणि वर म्हणते, "मावशी, रामाचा जप करतानाही असाच काना खाता का?"

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये तिची मुलाखत झाली आणि निवडही झाली. तिचे वडील किसनराव कापसाच्या जिनिंगवर वजनकाटा सांभाळतात. त्यांनी त्याच दिवशी बाजारात पेढे वाटले. पुष्पांजलीनं मात्र आपला पेढा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"काऊन वं? गोड नाही लागत?"

मग तिनं सांगितलं. मुलाखतीत मोठ्या सरांनी विचारलं, "इथं घड्याळ बघून चालत नाही. सुट्टी मिळेलच असंही नाही. चालेल?" ती सवयीनं म्हणून गेली, "हाव, सर."

"हाव? कशाची हाव?" सर म्हणाले आणि हसले. ते हसले तशी खोलीतली सगळीच हसली. एकच मुलगी हसली नाही, शाहीन नावाची, तिथलीच वकील. सरांनी मान वळवली. "शाहीन, तुला कळलं नाही वाटतं?" मग तीही हसली. उशिरा, तोंडावर हात धरून.

आपल्याकडं हाव म्हणजे हो. तिकडं हाव म्हणजे हावरटपणा. यात पोरीचं काय चुकलं?

"हासले तं हासले," मी म्हटलं. "आपल्या बोलीले हासतेतच लोकं."

"हासण्याचं नाही वो मावशी. ते थांबले अन् सारे एकदम थांबले, नळ बंद केल्यावानी. जिन्यापाशी मी शाहीनले इचारलं, कसं आहे इथं? तं तिनं आधी मांगं पाह्यलं. मंग म्हणे, चांगलंय."

सोमवारी अकराला उत्तर द्यायचं होतं. मधले चार दिवस ती एका जागी टेकली नाही. कोर्टातून दुकानात, दुकानातून कोर्टात. सकाळी म्हणायची, जाते. दुपारी म्हणायची, मले तिथं श्वास येणार नाही. चहा संपेपर्यंत परत, "पण इथं तरी काय आहे? तारीख अन् तारीख." तेही खोटं नव्हतं. तीन वर्षांत एक साक्षीदारसुद्धा तिनं तपासला नव्हता.

सोमवारी दहालाच आली. "मावशी, चिठ्ठ्या टाका."

दुकानात गजानन महाराजांचा फोटो आहे. मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घडी घालून फोटोपुढं टाकल्या. मनात म्हटलं, महाराज, लेकराच्या भल्याचं तेच हाती येऊ द्या. तिनं एक उचलली, उघडली आणि माझ्यापुढं धरली.

त्यावर लिहिलं होतं, 'हाव'. मला 'हो' लिहायचं सुचलंच नव्हतं. तोंडात असतं तेच हातातून उतरलं.

"आता हे कसं वाचू?" ती म्हणाली. "मोताळ्याचं वाचू का पुण्याचं?"

मी फोटोकडं पाहिलं. महाराज आपले नेहमीसारखे शांत.

अकराला फोन वाजला. तिनं तो टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"मग? ठरलं का?" सर म्हणाले. "हाव ना?"

तिकडून हशा उठला. म्हणजे तिकडंही फोन सगळ्यांमध्ये ठेवलेला होता. त्या हशात एका बाईचं हसू सगळ्यांच्या आधी निघालं, चांगलं मोठ्यानं.

"बस, शाहीन, बस," सर लाडानं म्हणाले. हशा तिथंच तुटला.

पुष्पांजली हातातल्या चिठ्ठीकडं पाहत होती.

"सर," ती म्हणाली, "मले हाव नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही, सर. मी येत नाही."

दुपारी किसनराव दुकानावर आले, तिच्यासमोर उभे राहिले. "गावभर पेढे वाटले मी! अन् तू लोकं हासले म्हणून नोकरी सोडली?"

"ते हासले म्हणून नाही, बाबा. चार महिन्यात मीबी हासली असती म्हणून."

त्यांना ते पटलं नाही. अजूनही नाही. जिनिंगवर कोणी विचारलं तर 'पुढच्या महिन्यात जाईल' म्हणून सांगतात. पुष्पांजलीही सुखात आहे असं नाही. चहा पिता पिता मोबाईलवर त्या फर्मचं पान उघडते, बघते, बंद करते. पुन्हा उघडते.

काल मात्र तिनं शालिग्राम वकिलांना माझ्यासमोर अडवलं. "सर, गुरुवारच्या केसमधला साक्षीदार मी तपासणार."

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू?"

"हाव," ती म्हणाली.

वकील अजून विचारच करून राह्यले. गुरुवार परवावर आला आहे.