खापरपणजोबांच्या दोन बायका

लग्न झालं की घरात दोन गोष्टी आपोआप साचतात. आहेरातले स्टीलचे डबे आणि सासरचे किस्से! डबे माळ्यावर टाकता येतात. किस्से जेवताना, भांडताना, बसमध्ये, कुठेही डोकं वर काढतात. मी कमी बोलते, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचलेत.

हे सगळे खापरपणजोबांच्या संसाराचे. गोऱ्या साहेबाच्या काळात ते गोदावरीपलीकडून, तेलुगू मुलखातून चांद्याला आले आणि रामाळा तलावावर जाळं टाकू लागले. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. त्यांना बायका दोन. थोरली पोचम्मा, धाकटी लक्ष्मी. आमच्या भावकीत अजूनही 'थोरलीकडचे' आणि 'धाकटीकडचे' असे दोन पक्ष आहेत आणि त्यांचं पटत नाही. आम्ही धाकटीकडचे. यंदा मार्कंड्याला सगळ्या भावकीचा मेळावा ठरला, वंशावळीचा फ्लेक्स लावायचं ठरलं, आणि माझ्या नवऱ्यानं, सुरजनं, दोघी सवतींची माहिती काढायचं मनावर घेतलं.

* * *

माझं नाव कविता. सासूबाईंचंही कविता! म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर सुरजनं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, 'ऋतुजा'. मेळावा झाला की आधार कार्डही बदलायचं, असं सासूबाईंनी जाहीर केलं होतं.

"एका घरात दोन कविता? कोनं हाक मारली तं दोघी धावत जाऊ का?"

मला माझंच नाव हवं होतं. पण नव्या सुनेनं हे बोलायचं कसं? मी एवढंच करायचे, 'ऋतुजा' म्हटलं की मला ऐकू यायचं नाही.

एकदा सासूबाई "ऋतुजाऽ ऋतुजाऽ" करून थकल्या. सासरे अंगणातून म्हणाले, "अवं, खरं नाव घे ना, येईन ते!"

सासूबाई वैतागून ओरडल्या, "कविताऽ!"

मी आले. कुंपणापलीकडून शेजारच्या बाईंचंही डोकं वर आलं. "काऊन जी, स्वतःलेच हाका मारून राह्यल्या?"

* * *

सुरजनं मोबाईलवर पहिली मुलाखत घेतली ती सासऱ्यांची.

"आपली लक्ष्मीमाय भारी मानी. एकडाव नवरा म्हणला, मासोळीच्या रश्श्यात आंबट कमी हाय. तिनं चुलीवरचा भरला गंज, पातेलंच म्हण ना, उचलला, तलावावर नेला अन् अख्खा रस्सा पाण्यात ओतला! म्हणे, आता तलावच चाखा!"

"मग खापरपणजोबा काय म्हणाले?"

"म्हणते काय? जन्मभर खिशात चिंच घेऊन जेवाले बसे!"

* * *

थोरलीकडच्या शांताआत्या मोहर्लीला राहतात. त्यांचा मुलगा सफारीची जिप्सी चालवतो. आम्ही का आलो ते ऐकून तो म्हणाला, "मले टुरिस्टायले वाघ दाखवता दाखवता घाम फुटते. तुमाले मेलेली बुढी कुठून दाखवू?"

आत्यांनी सुरुवातच केली, "तुमच्या लक्ष्मीनं घर फोडलं. आमची पोचम्मा गाय! पण पाणी होतं तिच्यात. एकडाव नवरा म्हणला, रश्श्यात आंबट कमी, तं तिनं गंज उचलला..."

"आणि तलावात ओतला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

आत्या ताठ झाल्या. "तुले कोनं सांगतलं? पाहा, धाकटीकडच्यायनं आमची गोष्टबी चोरली!"

परतताना सुरज म्हणाला, "काय माणूस होता! दोघींच्याही रश्श्यात खोट काढली!"

पण सवती दोन आणि गंज एकच, हे मला पटेना.

* * *

सिरोंच्याला पोचम्माच्या माहेरच्या एक म्हाताऱ्या आजी आहेत असं कळलं. थोरलीबद्दल काहीतरी वाईट ऐकायला मिळेल, या आशेनं सासूबाईही आल्या.

सुरजनं पाठ केलेलं तेलुगू वाक्य धडाधड म्हटलं. आजी म्हणाल्या, "मराठीत बोल बापा. तुझं तेलुगू मले समजत नाई."

सासूबाईंनी थेट विचारलं, "आजी, पोचम्मा होती तं नवऱ्यानं धाकटी काऊन आणली?"

"धाकटी कोन?"

"लक्ष्मी!"

आजींना हसता हसता ठसका लागला. "अवो बाई, आमच्या पोचम्मालेच चांद्यात लक्ष्मी केलं! तिकडच्या मराठी लोकायले तिचं नाव नवतं जमत. लग्नात बदलवलं. आमचे लोक पोचम्मा म्हणत, तिकडचे लक्ष्मी. जे पोरगं आमच्याकडं वाढलं ते पोचम्माचं झालं, जे चांद्यात वाढलं ते लक्ष्मीचं. बाई एकच!"

"मग सवत?" सुरजनं मोबाईल खाली ठेवला.

"तिले नवराच पुरून उरला. सवत कशाले पाह्यजे?"

सासूबाई म्हणाल्या, "मंजे आमी इतके दिवस कोनाशी भांडून राह्यलो?"

* * *

परतीच्या बसमध्ये आलापल्ली येईपर्यंत सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी धीर केला.

"आई, पहिल्यांदा 'लक्ष्मी' म्हटलं तेव्हा तिनं ओ दिली असेल का हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नसनच देल्ली. रस्सा ओतनारी बाई ते!"

पुढे आधार कार्डाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. काही ठरलंय की नुसतं लांबलंय, हे मात्र मला कळेना.

* * *

मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी दोन्ही पक्ष एका मांडवात बसले. सवत नव्हतीच म्हटल्यावर भांडण मिटेल, असं सुरजला वाटलं होतं. पहिल्या चहालाच नवं भांडण लागलं. 'पोचम्मा उर्फ लक्ष्मी' की 'लक्ष्मी उर्फ पोचम्मा'?

पंगत बसली तरी ते संपेना. तेवढ्यात फ्लेक्सच्या खालच्या ओळी वाचणाऱ्या शांताआत्या सासूबाईंकडे वळल्या.

"अवं कविता, छापणाऱ्यानं घोळ केला. तुहंबी नाव कविता, अन् सुरजच्या बायकोचंबी कविताच लिहिलं!"

मी प्रसादाचा द्रोण खाली ठेवून फ्लेक्सजवळ गेले.

सासूबाई पान वाढता वाढता म्हणाल्या, "घोळ नाई, शांताबाई. मीच सांगतलं तसं."

"पण पुढच्या पोरायले कसं समजन, कोनती कोन?"

"नाई समजलं तं नाई समजलं! म्हणतीन, एकच कविता होती, अन् भल्ली वर्षं जगली!"