दोन बर्फीवाल्यांचा एक गॅस प्लांट

“मॅडम, बर्नर पेटून नाही राहिला. टाकीतून नुसता आंबट वास येते.”

फोन बर्फी कारखान्याच्या देवरावजींचा होता. गॅस प्लांटचं सरकारी इन्स्पेक्शन दोन आठवड्यांवर होतं. मी ताडकन उठले आणि गाडी हिंगण्याकडे काढली.

मी पर्यावरण इंजिनियर. कारखान्यातल्या कचऱ्याचं काय करायचं, हे सांगणं माझं काम. काम अवघड आहे, कारण कचरा ऐकतो, मालक ऐकत नाहीत.

हिंगण्याच्या एमआयडीसीत संत्रा बर्फीचे दोन कारखाने शेजारी शेजारी आहेत. एक देवरावजींचा; त्यांचं दुकान शहरातल्या महाल भागात, जुनं आणि नावाजलेलं. दुसरा किशोरभाऊंचा; त्यांचं दुकान धरमपेठेत, काचेचं आणि एसीवालं. दोघं एकमेकांचं नावही घेत नसत, “तो बाजूचा” म्हणत. दोघांच्या संत्र्यांच्या साली मात्र एकाच नाल्याकाठी गुण्यागोविंदानं सडत. शेवटी प्रदूषण खात्याची नोटीस दोघांनाही आली: सालींची सोय लावा, नाहीतर कारखाना बंद. तोही ऐन सीझनमध्ये. संत्री सोलायला येणाऱ्या बायांची वर्षाची कमाई याच सीझनवर चालते. त्या मला रोज विचारत, “मॅडम, बंद तर नाही ना होणार वं?”

एकट्याला प्लांट परवडणारा नव्हता. म्हणून मी दोघांना एका टेबलाशी बसवलं. दोघांचा मिळून एक गॅस प्लांट ठरला. तो सोपा असतो. बंद टाकीत शेण आणि साली घालायच्या, आतले जिवाणू त्या खातात आणि गॅस सोडतात. गॅसवर खव्याची भट्टी चालते. गोम एकच. संत्र्याच्या सालीत तेल असतं आणि ते या जिवाणूंना विषासारखं. म्हणून आधी वाफेनं तेल काढायचं, मग साल मोजूनमापून टाकीत द्यायची. जास्त झाली की टाकी आंबते. माणसाचं पोट बिघडतं, तसंच.

आमची टाकी नेमकी तशीच बिघडली होती. पण का? हिशेब तर मी स्वतः बसवला होता.

मी किशोरभाऊंच्या ट्रॉलीपाशी गेले. ट्रॉली शिगोशीग भरलेली. वरची साल बाजूला केली, तर खाली पिळलेल्या मोसंब्यांच्या फोडी. माझ्या हिशेबात नसलेला रस, बिया, चोथा, सगळं तसंच. मधूनमधून स्ट्रॉसुद्धा!

“किशोरभाऊ, बर्फीत मोसंबी कधीपासून टाकता?”

ते आधी हसले, मग ओशाळले. “आता काय सांगू मॅडम. सालीवरून माल किती निघाला ते कोणालेही कळते. यंदा माझा धंदा मंदा आहे. त्या बाजूच्याले काहून कळू द्यायचं? म्हणून बर्डीच्या बाजारातल्या ज्यूसवाल्यांकडून रोज भरून आणतो.”

माझं डोकं सणकलं. त्याच तिरमिरीत देवरावजींकडे गेले. त्यांची ट्रॉली अर्धीही नव्हती. पण शेडच्या मागून कुजका वास येत होता. पाहिलं तर ताजा खड्डा, वर माती, खाली साली.

“देवरावजी, हे काय?”

“हळू बोला जी, मॅडम. मले दिल्लीची मोठी ऑर्डर आहे. त्याले समजलं तर तो भाव पाडून ऑर्डर घेऊन जाईन. म्हणून अर्ध्या साली मी गाडून राहिलो.”

एक नसलेला धंदा दाखवत होता, दुसरा असलेला पुरत होता. मधल्यामध्ये माझी टाकी! मला इतका राग आला की हसू फुटलं. मी दोघांना दोन कारखान्यांमधल्या भिंतीपाशी बोलावलं.

“तुम्ही काय लपवताय ते मी कोणाला सांगणार नाही. पण उद्यापासून ट्रॉली एकच. गोशाळेचा ट्रॅक्टर शेण घेऊन येतो, तोच दोन्ही गेटांवर फिरेल, वर ताडपत्री टाकून. मोजमाप शेवटी, सगळं एकत्र झाल्यावर. कोणाची साल किती, हे मलासुद्धा कळणार नाही.”

दोघांनी माना हलवल्या. मग देवरावजी म्हणाले, “पण ट्रॅक्टर आधी कोणाच्या गेटवर येईन?”

“चिठ्ठी टाका!” मी ओरडले.

टाकीत नवी साल घालणं थांबवलं. चुना घातला, ताजं शेण घातलं आणि वाट पाहत बसलो. मी रोज सकाळी जाऊन टाकीचा वास घेई. घरचे म्हणत, देवळात जातात तशी ही शेण हुंगायला जाते. हळूहळू आंबट वास गेला. मग थोडी थोडी साल सुरू केली. गॅसचा काटा हलला तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

इन्स्पेक्शनच्या दिवशी साहेब समोर, सोलणाऱ्या बाया दाराशी, दोन्ही मालक माझ्या दोन बाजूंना. मी कॉक फिरवला आणि काडी लावली. फस्स! निळी, ताठ ज्योत! बायांनी एकच गलका केला.

“पेटली ना गा!” किशोरभाऊ ओरडले आणि त्यांनी चक्क देवरावजींच्या पाठीवर थाप मारली. देवरावजींनीही ती मारू दिली.

साहेबांनी ज्योत पाहिली, नाला पाहिला, मागचा बुजवलेला खड्डाही पाहिला आणि म्हणाले, “चालू ठेवा.” बाया लगेच आत पळाल्या, संत्री वाट पाहत होती.

सीझन पूर्ण झाला. दोघं आजही एकमेकांना “तो बाजूचा”च म्हणतात आणि प्लांट झकास चालतो. आता नव्या कामाला गेले की मी मालकांना विश्वास, सहकार्य वगैरे सांगत बसत नाही. आधी विचारते, शेजाऱ्यापासून काय लपवायचंय? आणि ते लपवायची सोय मीच करून देते.