नियम कोणाचा, हे विचारणारी नंदाताई

तिवस्याला बाबांच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ वाचत बसले होते, तेव्हा सुनीलदादाचा फोन आला. सुनीलदादा म्हणजे नंदाताईचा धाकटा भाऊ. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं भाजीचं दुकान आहे आणि फोनवरही तो गिऱ्हाईकाला हाक मारल्यासारखाच बोलतो. त्या दिवशी मात्र इतका हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं. “ताई गेली वं... चहा ठेवला होता गॅसवर. तिथंच बसली, उठलीच नाही.” हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. ताईनं पन्नाशीही गाठली नव्हती. आता सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, वरच्याची मर्जी, शांत हो. मला शांत व्हायचं नाही. ‘वरून आलं’ एवढ्यावर नंदाताई कधी गप्प बसली नाही. वरून म्हणजे कोठून? कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीत लिहिलं आहे ते दाखवा... हे ती साहेबालाही विचारायची आणि संगणकालाही.

मोर्णेकाठी भाजी पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी. पॉलिटेक्निक करून बाहेरगावच्या कंपन्यांसाठी घरूनच प्रोग्रॅम लिहायची. उरलेल्या वेळात ती एका मोठ्या प्रोग्रॅमचं कोड वाचत बसे. फाइलींच्या जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या सांभाळणारा, कोणी कधी काय बदललं ते लक्षात ठेवणारा हा प्रोग्रॅम जगभरातली माणसं मिळून लिहितात, आणि त्याचं कोड कोणालाही उघडून पाहता येतं. आमची ओळख झाली ती अमरावतीत, एका कॉलेजच्या फाटकापाशी. आमच्या गटातल्या मुलींबरोबर मी पत्रकं वाटत होते. तिनं उभ्याउभ्या वाचलं, पुढे गेली आणि परत आली. “मागच्या पत्रकात तुम्ही दुसरंच लिहिलं होतं. कोनं बदललं?” आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. “पोरीहो,” ती म्हणाली, “रागानं लिहा, माहं काही म्हणनं नाही. पन कोनं काय बदललं ते तरी तुमाले सांगता आलं पाह्यजे.” पुढच्याच आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन आमच्या खोलीवर हजर झाली आणि आमच्या पत्रकांचा सगळा पसारा तिनं त्या प्रोग्रॅमच्या ताब्यात दिला.

तिची-माझी खरी झुंज जुंपली ती जिनिंगमधल्या बायांच्या जबान्यांवरून. एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या धुळीत उभ्या राहून खोकला जडलेल्या बाया आमच्याशी बोलल्या होत्या. प्रत्येकीचा एक नंबर, प्रत्येक नंबराचा एक फोल्डर, आणि त्यात दोन फाइली. एकीत तिचं बोलणं, दुसरीत तिचं नाव. सगळ्या फाइली एकत्र बांधून प्रोग्रॅम जो गठ्ठा करतो, तो बाहेर देताना नावाच्या फाइली त्यात जाऊ द्यायच्या नाहीत, असं ताईचं म्हणणं. मी पत्रकांवर वाढलेली. लपवाछपवी मालकांनी करावी, आपण नाही, असं मला वाटे. “लपवायचंच असन तर पत्रक कायले काढतो आपन?” मी तोंडावर विचारलं. ती चिडली नाही. “तुहं नाव टाक ना खाली, मोठ्ठं. कोन अडवते? त्या बायांचं काहून टाकतं वं? सकाळी जिनिंगच्या फाटकात तू उभी राहनार हायेस का?” नावं अडवायचा नियम मी लिहीन, एवढं कबूल केलं.

हा नियम कसा चालतो, ते तिनं मला कागदावर काढून दाखवलं होतं. फाइलींना काय लागू आहे ते एका साध्या यादीत लिहायचं. ही यादी कोणत्याही फोल्डरात ठेवता येते. एखादी फाइल समोर आली की प्रोग्रॅम तिची वाट धरतो. आधी ती ज्या फोल्डरात आहे तिथली यादी, मग त्याच्या वरची, मग त्याहून वरची. दोन याद्यांचं पटलं नाही तर जवळच्या यादीचं चालतं. “वरच्या सायबापेक्षा घरातल्याचा शबूद मोठा,” ती म्हणायची, आणि हे म्हणताना तिला फार आनंद व्हायचा.

मी नियम लिहिला. प्रोग्रॅमला विचारलं, नावाच्या फाइली बाहेर जातील का? पडद्यावर आलं, जाणार नाहीत. मी खुशीत गठ्ठा बांधला, पेन ड्राइव्हवर घातला आणि पत्रकारांना वाटायला अकोल्याला नेला. वाटण्याआधी ताईनं एक पेन ड्राइव्ह मागून घेतला आणि आपल्या लॅपटॉपला लावला. बांधलेला गठ्ठा ती नेहमी सोडून पाही. तशी सवय आमच्यात दुसऱ्या कोणाला नव्हती. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. गठ्ठ्यात सगळी नावं होती. फोल्डरागणिक एकेक बाई, आडनावासकट.

“म्या इचारलं होतं ना त्याले!” मी रडवेली झाले.

“कोनाले इचारलं? तुह्या टेबलाले इचारलं तू.” तिनं पेन ड्राइव्ह काढून पदराला गाठ मारून बांधला. “गठ्ठा टेबलावरून नाही निघत, कपाटातून निघते. नियमाचा कागद तू लिहिला, टेबलावरच ठेवला. कपाटात टाकलाच नाही.” तसंच झालं होतं. नियम माझ्या मशीनवर, म्हणजे टेबलावर, लिहिलेला होता, पण कायमच्या नोंदीत, म्हणजे कपाटात, मी तो घातलाच नव्हता. प्रोग्रॅमची काही चूक नव्हती. मी टेबलाबद्दल विचारलं, त्यानं टेबलाबद्दलच सांगितलं. त्या दुपारी पत्रकार दोन तास खोळंबले. ताईनं माझ्याशेजारी बसून गठ्ठा नव्यानं बांधून घेतला आणि एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दोन महिने ती कोडाच्या त्या भागात शिरली, जिथं फाइलीच्या वाटेवरचे नियम शोधले जातात. फोन केला की म्हणे, “थांब, वाचून राहिली.” तिला एकच गोष्ट खटकत होती. तो शोध फक्त निकाल सांगतो. नियम कोणाचा, ते सांगत नाही. तिनं कोड बदललं. आता प्रत्येक फाइलीपुढे उत्तर येई, आणि उत्तराशेजारी ते कोणत्या यादीनं दिलं, कितव्या ओळीनं दिलं, ती यादी टेबलावरची की कपाटातली, हेही. बदल तिनं त्या प्रोग्रॅमच्या कर्त्या मंडळींकडे पाठवला. उत्तर सौजन्यानं आलं. काम चांगलं आहे, पण याची फारशी गरज दिसत नाही. मीच जास्त चिडले. ती म्हणाली, “त्याहीले नसन गरज. आपल्याले हाय.” आणि आमच्यापुरती प्रत तिनं स्वतः सांभाळली. मूळ प्रोग्रॅम सुधारला की दर वेळी आपला बदल त्यावर पुन्हा बसवायची, न कुरकुरता.

ती गोड होती असं मी लिहिणार नाही. कौतुक करायची तिला अडचण वाटे. माझी दोन पत्रकं तिनं ‘नुसता आवाज’ म्हणून परत पाठवली. मी दोन महिने बोलले नाही, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही...

शोकसभा झाली. सभेनंतर मोठ्या शहरातल्या एका संस्थेचे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, “नंदाताईंबद्दल आदर आहेच. पण आमच्या अहवालात निनावी जबान्यांना वजन येत नाही. आता त्या नाहीत, तर तो नियम तुम्ही काढून टाका. तशी त्या बायकांनी कधी हरकत घेतलेली नाही.”

“त्यांना विचारलं कोणी?”

“हरकत नाही म्हणजे संमतीच ना!”

आमच्यातल्याही दोघी माझ्याकडे आशेनं पाहत होत्या. अहवाल दूरवर वाचला गेला असता. एके काळी मीच हे मागितलं होतं. पण ज्या कोडात ताईनं दोन महिने काढले, त्यात एक भेद काटेकोर पाळलेला आहे. ‘नाही’ म्हणून लिहिणं वेगळं आणि काहीच लिहिलेलं नसणं वेगळं. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर त्याला ‘हो’ धरत नाहीत. एवढी सभ्यता यंत्राला शिकवता येते. मग अहवाल लिहिणाऱ्या शहाण्यांना का येत नाही? मी त्यांना सांगितलं, नियम निघणार नाही. नंदाताई मेली म्हणून त्या बाया फाटकाबाहेर सुरक्षित झालेल्या नाहीत.

मग नाव टाकू का, हे विचारत मी घरोघर गेले. आधीच जायला हवं होतं. बायांनी डोळ्यांत पाहून ‘नाही’ सांगितलं. एकीची सून त्याच जिनिंगमध्ये, एकीचा नवरा. फक्त कौसल्यामावशी म्हणाल्या, “माहं टाक. खोकल्यानं मले घरीच बसवलं. आता कोन काढते मले?” वर म्हणाल्या, “पन बाकीच्यायचं जाऊन नाही राहिलं, हे माह्या डोयानं पाह्यन.”

नियम कोणाचा ते दाखवणारी प्रत ताईच्या लॅपटॉपवर होती, म्हणून आम्ही दोघी अकोल्याला तिच्या खोलीत गेलो. सुनीलदादानं तिथलं काही हलवलेलं नाही. टेबल, लॅपटॉप, खिडकीत वाळवायला ठेवलेल्या दोडक्याच्या बिया. मावशींच्या फोल्डरात मी एक नवी यादी केली. तिच्यात एकच ओळ होती, हे नाव बाहेर जाईल. ती कायमच्या नोंदीत घातली आणि मगच विचारलं. पडद्यावर रांग उमटली. प्रत्येक नंबरापुढे तेच उत्तर, जाणार नाही. शेजारी वरच्या यादीचा पत्ता, ओळ पहिली. एका नंबरापुढे मात्र उत्तर वेगळं आणि पत्ता त्याच फोल्डराचा. मावशी बोट टेकवत एकेक ओळ खाली गेल्या. मग मी संस्थेला पाठवायचा गठ्ठा बांधला आणि त्यांच्यासमोर सोडला. त्यात एकच नाव होतं. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

नंतर त्यांनी मान तिरकी केली. “हे चार नंबरची कोन वं? आमच्या गल्लीतली तर नाही?”

“मी नाही सांगणार, मावशी.”

“मले बी नाही?”

“तुम्हाला बी नाही.”

त्या पदरात तोंड दाबून, खोकत खोकत हसल्या.

“मंग पाठव आता,” म्हणाल्या.