सेलिनचं मागणं

फादरपुढे गुडघे टेकून आजवर पुष्कळ पापं सांगितली – राग, हेवा, चुकवलेली मिस्सा. हे एक मात्र दर वेळी जिभेखाली धरून परत आले. नवऱ्याला माहीत नाही, मुलींना नाही. तुम्हाला सांगते.

सेलिन माझी मोठी बहीण. आम्ही मढच्या ख्रिस्ती वस्तीतले. ऐंशीच्या दशकात तिथे एका घरात कोणी शिंकलं तरी साऱ्या वस्तीला कळायचं. समुद्राकडच्या बंगल्यात शूटिंग चालायचं, तिथे लाइट लावायला मुलुंडचा वसंत यायचा – मूळचा मालवणकडचा, हिंदू. सेलिन तिथे जेवणाचे डबे पोचवायची. त्यांचं जमलंय हे मला उशिरा कळलं. पळून जायचं दोघांच्याही मनात नव्हतं. त्याची आई तयार झाली, की ती येऊन पप्पांकडे मागणी घालणार, असं ठरलं होतं. ती तयार व्हावी म्हणून सेलिनने चर्चमध्ये नोव्हेना धरली – नऊ दिवसांची प्रार्थना.

शेवटच्या दिवशी मला ताप होता. पप्पांबरोबर निघताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "आज येतील गं कदाचित. आले तर बसवून ठेव."

आणि ते आले. वसंत, आणि पेढ्यांचा पुडा घेतलेली त्याची आई.

कसं सांगू –

"सेलिनचं लग्न ठरलंय," मी म्हणाले. "तिनेच सांगायला सांगितलंय. परत येऊ नका."

वसंत उंबऱ्याकडे बघत राहिला. त्याची आई म्हणाली, "थोडा पाणी दी गो, चेडवा." मी दिलं. पेला परत देताना म्हणाली, "बरा होवंदे तुझा."

का केलं? धर्मासाठी, असं म्हणायची सोय आहे. तसं नव्हतं. शेजारच्या रोझीने बाहेर लग्न केल्यापासून त्यांच्याकडे सणाला कोणी जाईना, तिच्या धाकट्या बहिणीला कोणी विचारीना. माझं मनोरीच्या एका मुलाशी लग्नाचं बोलणं चालू होतं. मला तो हवा होता. एवढंच.

संध्याकाळी सेलिनने विचारलं. "कोणी नाही आलं." पुढे बंगल्यातलं काम संपलं, वसंत दिसेना, तेव्हा ती मुलुंडला जाऊन बघते म्हणाली. "ज्याला यायचं होतं तो आला असता ना" – हेही मीच.

तिने चर्चमध्ये गाणं सोडलं. भांडली नाही. एकदाच म्हणाली, "देवाने नाही म्हटलं, तर नाही." देवाने तर हो म्हटलं होतं – दारापर्यंत पाठवलं होतं. माझं खोटं तिने देवाच्या नावावर टाकलं, आणि मी टाकू दिलं.

माझं लग्न झालं. ती तशीच राहिली. पप्पांचं म्हातारपण, माझी बाळंतपणं – सगळं तिने काढलं.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. जायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने माझा हात धरला. "त्या दिवशी तू घरीच होतीस ना गं? खरंच कोणी आलं नव्हतं?"

पप्पा कधीच गेलेले. माझा संसार होऊन गेलेला. आता भीती कोणाची होती?

"नाही," मी म्हणाले.

तिने हळूच मान हलवली. मग माझ्या हातावर थोपटत राहिली – मी रडत होते, म्हणून.